मिलिटरीचा ट्रक लिलावात घेतला, पण जबलपूरहून गडचिरोलीला सुखरूप आणायचा कसा?

ऑक्टोबर २०१९ मध्ये महेंद्रसिंह धोनी रांचीच्या रस्त्यावर एक जुनी, धिप्पाड गाडी चालवताना दिसला. फोटो व्हायरल झाले आणि नव्या पोरांनी विचारायला सुरुवात केली, ही गाडी कुठली? ती होती निसान जोंगा. जोंगा हे नाव ऐकायला जपानी वाटतं, पण ते आहे आपल्या शेजारच्या जबलपूरचं. 'जबलपूर ऑर्डनन्स अँड गनकॅरेज असेंब्ली' या लांबलचक नावाची आद्याक्षरं जोडली की जोंगा होतं. ही गाडी लष्करासाठी बनायची, १९९९ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. आज रस्त्यावर ज्या जोंगा दिसतात, त्यातल्या बहुतेक लष्कराने वापरून लिलावात काढलेल्या आहेत.

जोंगावर मन बसलं की पुढची नजर जाते ट्रकवर. जर्मनीच्या मान कंपनीच्या परवान्याने बनलेला शक्तिमान, टाटाचा एलपीटीए, अशोक लेलँडचा स्टॅलियन. इन्स्टाग्रामवर या ट्रकची रील्स ढिगाने आहेत. नदीत उतरतोय, चिखलातून वर येतोय, मागे दणदणीत गाणं.

आता चंद्रपूर-गडचिरोलीच्या माणसाला हा ट्रक हवासा वाटण्यामागे निव्वळ रील नाही. इथे धानाच्या बांध्यांमधून जाणारे रस्ते आहेत, पावसाळ्यात पाण्याखाली जाणारे रपटे आहेत, जंगलातली वाट आहे. चारही चाकांना ताकद देणारा, जमिनीपासून उंच असलेला ट्रक इथे कामाचा आहे. आणि हे काही नवीन नाही. दुसरं महायुद्ध संपल्यावर अमेरिकन आणि ब्रिटिश फौजांच्या हजारो गाड्या भारतात विक्रीला निघाल्या होत्या. टेल्कोचा मर्सिडीज-बेंझसोबतचा ट्रक १९५४ मध्ये आला. तोवर मालवाहतुकीच्या धंद्यात 'डिस्पोजलचा ट्रक' हा शब्द सगळ्यांना माहीत झाला होता. जुन्या ड्रायव्हर लोकांच्या तोंडी तो अजून आहे.

तर समजा, लिलावात तुमची बोली सगळ्यात वरची ठरली. पैसे भरले. ट्रक उभा आहे जबलपूरच्या एखाद्या लष्करी आवारात आणि तुमचं घर आहे गडचिरोलीला. अशा वेळी एक मित्र हमखास म्हणतो, "काही टेन्शन घेऊ नको भाऊ. एक बॅटरी घेऊ, डिझेल टाकू, दोन ड्रायव्हर नेऊ, रातोरात घरी."

सगळ्यात मोठी चूक इथेच होते. कारण त्या दिवशी तो ट्रक कायद्याच्या नजरेत रस्त्यावर चालवण्याची गाडीच नसतो. आणि यंत्र म्हणून तो किती धड आहे, हे कुणालाही माहीत नसतं.

ट्रक घेतलाय की भंगार, हे आधी बघा

लष्कराच्या वापरातून काढलेल्या गाड्यांचे लिलाव मोठ्या प्रमाणात एमएसटीसी या सरकारी कंपनीच्या पोर्टलवर ऑनलाइन होतात. विक्रीची अट एकच आणि कडक असते, 'जशी आहे, जिथे आहे'. म्हणजे इंजिन चालू झालं नाही, गिअरबॉक्स रिकामा निघाला, टायर फुटका निघाला, तरी तक्रार चालत नाही. गाडी उचलायला ठरावीक दिवस मिळतात, त्यानंतर जागेचं भाडं सुरू होतं. रातोरात पळवून आणायची घाई याच भाड्यामुळे होते, हेही खरं.

पण त्याआधीचा मुद्दा महत्त्वाचा आहे. २०२१ मध्ये वाहन भंगार केंद्रांचे नियम आले. एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणी पुढे वाढवणं बंद झालं. देशाच्या संरक्षणासाठी प्रत्यक्ष वापरात असलेल्या खास गाड्यांना त्यातून सूट आहे. पण आयुष्य संपलेल्या सरकारी गाड्या नोंदणीकृत भंगार केंद्रातच जाव्यात, ही सरकारची दिशा स्पष्ट आहे. त्यामुळे लिलावाच्या कॅटलॉगमध्ये दोन गोष्टी वाचायच्या. बोली कोण लावू शकतो? आणि लॉट 'वाहन' म्हणून विकला जातोय की 'भंगार' म्हणून?

भंगार म्हणून विकलेला ट्रक कितीही चकचकीत केला, तरी त्याचं पासिंग होण्याची आशा धरू नये. धोका जास्त आहे तो थेट लिलावात न घेता मधल्या व्यापाऱ्याकडून घेणाऱ्यांना. "कागद मागाहून येतील" असं वाक्य ऐकलं की तिथेच थांबायचं. लष्कराची गाडी नोंदवताना मूळ विक्री प्रमाणपत्र लागतं. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या ४७ व्या नियमात लष्करी गाड्यांसाठी ते वेगळं नमूद केलेलं आहे, नमुना २१ मध्ये, संबंधित प्राधिकरणाकडून आणि मूळ प्रत. झेरॉक्स नाही. व्हॉट्सॲपवरचा फोटो तर नाहीच.

त्यामुळे सौदा करण्याआधी आपल्या आरटीओत जाऊन विचारलेलं बरं. चंद्रपूर असेल तर एमएच ३४, गडचिरोली असेल तर एमएच ३३. गाडीचं मॉडेल, बनावटीचं वर्ष आणि विक्रीचा प्रकार सांगायचा आणि पासिंग होईल का, हे स्पष्ट विचारायचं. एक दिवस जातो, पण काही लाख वाचू शकतात.

बाण गेला की नंबरही गेला

लष्कराच्या गाडीची नंबरप्लेट तुम्ही पाहिली असेल. सुरुवातीला वर टोक असलेला बाण, मग वर्षाचे दोन आकडे, मग अक्षर आणि पुढचा क्रमांक. हा नंबर आरटीओने दिलेला नसतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ६० नुसार संरक्षण खात्याच्या गाड्यांची नोंदणी वेगळी होते. गाडी सरकारच्या ताब्यात आहे तोवर तिला दुसरी नोंदणी लागत नाही.

पण त्याच कलमात पुढे म्हटलंय की गाडी सरकारच्या मालकीची राहिली नाही, की तिला कलम ३९ आणि ४० लागू होतात. सोप्या भाषेत, ती तुमची झाली त्या क्षणी तिचा जुना नंबर मेला आणि नवा नंबर अजून जन्मलेला नाही. अशी गाडी सार्वजनिक रस्त्यावर चालवता येत नाही. पहिल्यांदा पकडलं तर ५,००० रुपयांपर्यंत दंड आहे.

दंडाची भीती फारशी कुणाला नसते. खरी भीती विम्याची असायला हवी. जुन्या नंबरावर तुमचा विमा नाही, नवा नंबर नाही. समजा, वाटेत ब्रेक लागला नाही आणि समोर दुचाकीवरचं कुटुंब आलं. त्या अपघाताच्या भरपाईला मागे कुठलीही विमा कंपनी उभी नसेल. न्यायाधिकरणाने ठरवलेली रक्कम मालकाच्या घरादारातून, शेतातून जाईल. ट्रक स्वस्तात मिळाला होता, हा हिशेब तेव्हा कामाला येत नाही.

मग गोची अशी होते की पासिंगसाठी गाडी आरटीओसमोर न्यावी लागते आणि पासिंगशिवाय ती रस्त्यावर काढता येत नाही. यातून सुटायच्या दोन वाटा. एक, कलम ४३ खाली तात्पुरती नोंदणी काढायची, चेसिस नंबरावर किमान थर्ड पार्टी विमा घ्यायचा आणि मग चालवत आणायची. दुसरी, गाडीला गाडी न समजता माल समजायचं आणि ट्रेलरवर लादून आणायचं.

कागदावर पहिली वाट स्वस्त दिसते. पण महिनोन् महिने उभ्या असलेल्या अवजड गाडीसाठी दुसरीच वाट शहाणपणाची आहे. का, ते गेटच्या आत गेल्यावर कळतं.

गेटच्या आत काय बघायचं

सगळ्यात आधी चेसिस नंबर. तो घासून साफ करायचा, कागद ठेवून पेन्सिलने छाप घ्यायचा आणि विक्रीच्या कागदाशी एकेक आकडा जुळवायचा. मग इंजिन नंबर. इथे एक खास लष्करी भानगड आहे. लष्कराच्या वर्कशॉपमध्ये मोठ्या दुरुस्तीच्या वेळी एका गाडीचं इंजिन काढून दुसरं बसवलं जातं. त्यांच्यासाठी हे रोजचं काम आहे, नोंद त्यांच्या रजिस्टरला असते. पण विक्रीच्या कागदावर जुना इंजिन नंबर राहिला, तर आरटीओत तुमची गाडी अडकली. ही दुरुस्ती डेपोच्या टेबलावर करून घेता येते. गडचिरोलीहून पत्र लिहून करायला गेलात तर किती खेटे पडतील, याचा अंदाज तुम्हीच बांधा.

मग टायर. लष्करी ट्रक नेहमी फार किलोमीटर चाललेला असतोच असं नाही, त्यामुळे टायरच्या नक्षीची खोली बघून माणूस खूश होतो. "नवे टायर आहेत राव!" टायर नक्षीवर जोखायचा नसतो. त्याच्या बाजूच्या भिंतीवर चार आकडे कोरलेले असतात. २३१४ असेल तर तो २०१४ सालच्या २३ व्या आठवड्यात बनलेला टायर. दहा-बारा वर्षं उन्हात एकाच जागी उभा राहिलेला रबर आतून कडक होतो, बाजूला बारीक तडे जातात. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा डांबरावर हा टायर किती टिकेल, यावर पैज लावू नये.

टायरबद्दल अजून एक गोष्ट, आणि ही थेट जीवाशी खेळ आहे. काही जुन्या लष्करी गाड्यांची डिस्क दोन तुकड्यांची असते. ते दोन तुकडे नटांनी एकमेकांना जोडलेले असतात आणि चाक गाडीला बसवणारे नट वेगळे असतात. टायरमध्ये हवा असताना चुकून तुकडे जोडणारे नट सैल केले, तर डिस्क बॉम्बसारखी उडते. समोर बसलेला माणूस वाचणं कठीण. रस्त्यावरच्या पंक्चरवाल्याने असं चाक आयुष्यात कधी पाहिलेलं नसेल, तर त्याला ते उघडायला सांगणं हाच अपराध. आधी व्हॉल्व्हची पिन काढून सगळी हवा सोडायची, मगच पाना लावायचा. चाकात हवा भरतानाही माणूस समोर नको, बाजूला हवा.

मग ब्रेक. हवेचे ब्रेक असतील तर इंजिन चालू करून प्रेशर चढायला किती वेळ लागतो ते बघायचं. प्रेशर चढलं की इंजिन बंद करायचं आणि काट्याकडे नजर ठेवून गप्प उभं राहायचं. काटा खाली येत असेल तर कुठेतरी गळती आहे, फुसफुस आवाज ऐकू येतोच. हवेच्या टाक्यांखालचा ड्रेन उघडला की बऱ्याचदा गंजाचं लाल पाणी येतं. त्यावरून आत काय झालंय ते समजतं. ऑइलचा ब्रेक असेल तर सिलिंडर जाम झालेत का, ते चाक उचलून फिरवल्याशिवाय कळत नाही.

डिझेलची टाकी जुनी असेल तर तिच्या तळाशी चिखलासारखा गाळ बसलेला असतो. जागेवर इंजिन मस्त चालतं. पण गाडी हलायला लागली की गाळ ढवळतो, फिल्टर चोंदतो आणि इंजिन नेमकं चढावर बंद पडतं. जबलपूर ते नागपूर रस्त्यावर सिवनीनंतर कुरईचा घाट आहे, दोन्ही बाजूंना पेंचचं जंगल आहे. अवजड गाडी चढावर बंद पडली आणि हवाही संपली, तर मागच्या गाड्यांचं काय होईल ते सांगायला नको.

आणि दिवे. मिलिटरी गाड्यांच्या दिव्यांचं बटण साध्या ट्रकसारखं नसतं. शत्रूला वरून दिसू नये म्हणून दिवे झाकून चालायची सोय असते. मागच्या ट्रकने पुढच्याचा माग काढावा म्हणून मागच्या अॅक्सलचा मधला गोळा पांढरा रंगवलेला असतो आणि त्यावर उजेड पाडणारा एक छोटा दिवा असतो. युद्धात ही भन्नाट युक्ती आहे. पण बटण त्या जागेवर राहिलं, तर काही गाड्यांमध्ये साधा ब्रेकलाइट लागतच नाही. ड्रायव्हरला वाटतं सगळं ठीक आहे आणि मागून येणाऱ्याला काहीच दिसत नाही.

टोचन करून आणलं तर?

हा सल्लाही मिळतोच. एक ट्रक घ्यायचा, लोखंडी रॉड लावायचा, टोचन करून आणायचं.

रस्त्याचे नियम यावर स्पष्ट आहेत. ओढणाऱ्या आणि ओढल्या जाणाऱ्या गाडीत ५ मीटरपेक्षा जास्त अंतर नको, वेग ताशी २५ किलोमीटरच्या वर नको, मागच्या गाडीच्या स्टिअरिंगवर लायसन्सधारक माणूस हवा. टोचन मुळात बंद पडलेली गाडी जवळच्या गॅरेजपर्यंत नेण्यासाठी आहे. जबलपूर ते नागपूर सुमारे २७० किलोमीटर, नागपूर ते चंद्रपूर १५० आणि तिथून गडचिरोली ८०. म्हणजे ५०० किलोमीटर. ताशी २५ ने न थांबता २० तास. एवढा वेळ एक माणूस ब्रेक नसलेल्या ट्रकच्या स्टिअरिंगवर समोरच्याचा धूर खात बसणार.

ब्रेक नसलेला असं म्हटलं, कारण इंजिन बंद असलं की हवा तयार होत नाही. काही गाड्यांत हवा संपली की ब्रेक आपोआप आवळले जातात आणि चाक घासत येतं. काहींत उलट होतं, पेडल दाबून काहीच घडत नाही. दोन्ही वाईट. डेपोच्या गेटपासून ट्रेलरपर्यंत शंभर मीटर ओढायला टोचन ठीक आहे. त्यापुढे नाही.

ट्रेलरवर लादताना

लो-बेड ट्रेलर घ्यायचा, म्हणजे ज्याचा पाट जमिनीला जवळ असतो तो. भाडं ठरवताना ट्रकचं रिकामं वजन, लांबी आणि उंची कागदावर लिहून द्यायची. "मिलिटरीचा ट्रक आहे" एवढ्यावर सौदा केला की समोरून चुकीचा ट्रेलर येतो.

उंची हा यातला सगळ्यात दुर्लक्षित मुद्दा. मालवाहू गाडीची एकूण उंची साधारण ४ मीटरच्या आत बसली पाहिजे. ट्रेलरचा पाट एक मीटर आणि ट्रकच्या हौद्यावर ताडपत्रीचा लोखंडी सांगाडा तीन मीटरवर गेला, की मर्यादा संपलीच. हा सांगाडा आधी सोडवून हौद्यात आडवा बांधायचा. हायवेला उंची जाणवत नाही. मूल किंवा चामोर्शीच्या आतल्या एखाद्या गावात, जिथे विजेच्या तारा लोंबलेल्या असतात, तिथे जाणवते. तारेला काठीने वर ढकलून ट्रक पुढे काढणारा क्लीनर हे दृश्य विदर्भात सगळ्यांनी पाहिलंय. ते बंद व्हायला हवं.

ट्रक स्वतःच्या ताकदीने रॅम्पवर चढवायचा मोह होतो, कारण आवाज भारी येतो आणि व्हिडिओ चांगला मिळतो. ब्रेकची खात्री नसेल तर विंचने ओढून चढवायचा. दोर ताणलेला असताना त्याच्या रेषेत किंवा ट्रकच्या मागे कुणीही उभं राहायचं नाही, मोबाइल घेऊन तर अजिबात नाही. वर चढला की हँडब्रेक, चाकांना दोन्हीकडून लाकडी ठोकळे आणि मग साखळ्या. साखळी बंपरला नाही, अॅक्सलला बांधायची. ट्रकची बॉडी पाट्यांवर हलते, बॉडीला बांधलं तर प्रत्येक खड्ड्यात साखळी सैल होते. चारही कोपरे आवळायचे आणि पहिल्या २५-३० किलोमीटरला थांबून पुन्हा आवळायचे. पहिल्या टप्प्यात साखळी हमखास ढिली पडते. बॅटरीच्या तारा काढून ठेवायच्या.

हौद्यात आणखी काही लादून आणायचा विचार नको. "रिकामाच चाललाय तर थोडं लाकूड टाकू" असं कुणी म्हणालं, तर वाहतूक परवान्याशिवायचं लाकूड वननाक्यावर सापडलं की लाकडाबरोबर गाडीही जप्त होऊ शकते, हे त्याला सांगायचं. सोबत विक्री प्रमाणपत्र, गेटपास, पैसे भरल्याच्या पावत्या, ई-वे बिल आणि वाहतुकीचा विमा. मूळ कागद ट्रेलरच्या ड्रायव्हरकडे द्यायचे नाहीत, मागच्या गाडीत स्वतःजवळ ठेवायचे आणि त्याला प्रती द्यायच्या.

हिरवा रंग, आणि गडचिरोली

केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२१ वा नियम सांगतो की संरक्षण खात्याच्या गाड्या सोडून कुठल्याही गाडीला ऑलिव्ह ग्रीन रंग देता येत नाही. ट्रॅक्टरलाही नाही. हौशी लोकांना या नियमाचा फार राग येतो, कारण त्यांना तो रंगच तर हवा असतो. पण पासिंगच्या आधी तो बदलावा लागतो.

बाकीच्या महाराष्ट्रात हा नियमाचा विषय आहे. गडचिरोलीत तो त्याहून मोठा आहे.

२३ डिसेंबर २०१६ ला एटापल्ली तालुक्यातल्या सुरजागडच्या खाणीवर माओवाद्यांनी सुमारे ८० वाहनं जाळली होती. १ मे २०१९ ला कुरखेडा तालुक्यात दादापूरला रस्त्याच्या कामावरची वाहनं जाळली गेली आणि त्याच दिवशी जांभुळखेड्याजवळ भूसुरुंगाच्या स्फोटात १५ पोलीस आणि त्यांच्या गाडीचा चालक मारले गेले. ते बसले होते ते वाहनही खासगी होतं. इथल्या लोकांनी अनेक वर्षं रस्त्यावरची गाडी बघताना ती कुणाची आहे, हा प्रश्न आधी विचारलाय.

आज परिस्थिती बदलली आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवाद्यांचा बडा नेता भूपती याने आपल्या सुमारे ६० साथीदारांसह गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांसमोर शस्त्रं खाली ठेवली. पण पोलीस चौक्या आणि नाकाबंदी तिथेच आहे. संध्याकाळी सहाला, नंबर नसलेला, लष्करी रंगाचा, पुसट खुणा असलेला ट्रक चौकीसमोर आला तर पोलीस काय समजतील? ते थांबवणार, उतरवणार, चौकशी करणार. त्यांनी तसं नाही केलं तरच नवल. आणि एखाद्या आतल्या गावातल्या म्हाताऱ्या आजीला तो ट्रक दिसला, तर तिला तो तुमचा छंद आहे हे कसं कळणार?

म्हणून जुना नंबर, बाण आणि युनिटची चिन्हं डेपोतून निघतानाच पूर्ण पुसून घ्यायची. ट्रेलरवर ट्रक ताडपत्रीने झाकायचा. आणि जमलं तर गडचिरोलीत शिरण्याआधी नागपूरला किंवा चंद्रपूरला गॅरेजमध्ये उतरवून आधी रंग बदलायचा. मातकट, पिवळा, निळा, काय हवा तो द्या. घरी पोचण्याच्या आदल्या दिवशी आपल्या पोलीस ठाण्यात जाऊन कागदाची एक प्रत दिली, तर पुढचे बरेच प्रश्न येतच नाहीत.

शेवटचे दीडशे किलोमीटर

नागपूरहून गडचिरोलीला उमरेड, भिवापूर, नागभीड, आरमोरी असंही जाता येतं आणि वरोरा, भद्रावती, चंद्रपूर, मूल असंही. अवजड ट्रेलरसाठी दुसरी वाट लांबची असली तरी मधे चंद्रपूर लागतं, म्हणजे क्रेन, वेल्डर, मोठं गॅरेज सगळं मिळतं. भद्रावतीला तर चांदा आयुध निर्माणी आहे. तिथे ट्रक नाही, दारूगोळा बनतो, पण लष्करी गाड्या बघायची सवय असलेले मेकॅनिक त्या पट्ट्यात शोधले तर सापडू शकतात.

चंद्रपूर सोडलं की लोहारा, चिचपल्ली, अजयपूर, केळझर असा मूलपर्यंतचा रस्ता जंगलातून जातो. वाघ, बिबट्या, रानडुक्कर, चितळ, सगळे हा रस्ता ओलांडतात. गडचिरोलीच्या उत्तर भागात २०२१ पासून छत्तीसगडहून आलेला रानटी हत्तींचा कळपही फिरतोय. ट्रेलर अचानक थांबत नाही. आणि तो इथे बंद पडला, तर रात्री खाली उतरून साखळ्या तपासायला जाणारा माणूस स्वतः धोक्यात येतो. त्यामुळे हा टप्पा दिवसाच करायचा. उशीर झाला तर चंद्रपूरला मुक्काम. व्याहाडजवळ वैनगंगेचा पूल ओलांडला की गडचिरोली आलंच.

घर आलापल्लीकडे असेल तर अजून शंभरहून जास्त किलोमीटर बाकी आहेत. चामोर्शी-आष्टी-आलापल्ली रस्त्यावर लोहखनिजाच्या ट्रकची रांग असते, खड्डे असतात, मधेच काम चालू असतं. पावसाळ्यात तर ट्रक आणूच नये. भामरागडची पर्लकोटा चढली की तिकडचा संपर्क तुटतो, हे दरवर्षीचं आहे. लिलावात गाडी जुलैत सुटली तर जबलपूर किंवा नागपुरात एखाद्या खासगी आवारात भाड्याने उभी करून दिवाळीनंतर आणणं परवडतं.

आणि घरी उतरवला तरी लगेच गावातून फेरी नाही. टायर, ट्यूब, ब्रेकच्या नळ्या, डिझेल टाकीची सफाई, फिल्टर, सगळी ऑइलं, बॅटऱ्या. हे झालं की स्वतःच्या वावरात किंवा आवारात हळू फिरवायचा. पाच मिनिटं चालवून थांबायचं, चारही चाकांच्या हबजवळ हात नेऊन बघायचा. एकच हब बाकीच्यांपेक्षा जास्त तापला असेल तर तिथला ब्रेक धरतोय किंवा बेअरिंग गेलंय. पुढच्या चाकांची ताकद फक्त चिखलात जोडायची. कोरड्या डांबरावर ती जोडून वळवलं की गिअरचे दाते आणि सांधे ताणले जातात, स्टिअरिंग जड होतं आणि नेमक्या वळणावर ट्रक सरळ जायला बघतो.

हे सगळं जमलं की विमा काढायचा आणि तात्पुरत्या नोंदणीचा कागद काचेवर लावायचा. अवजड गाडीचं लायसन्स असलेला ड्रायव्हर, सकाळची वेळ, मागे एक गाडी, हौद्यात एकही माणूस नाही आणि वेग ३५-४० च्या आत. एवढ्या तयारीनिशी त्या ट्रकने स्वतःच्या चाकांवर करायचा पहिला प्रवास म्हणजे घर ते एमएच ३३ चं आरटीओ कार्यालय.